फुगडी येते ना? मग बनी हॉपही येईल

आमच्या टेकडीवरच्या पायवाटेला एक चर आडवा येतो. पाणी अडवायला खणलेला, आता निम्मा बुजलेला. हातभर रुंद, वीतभर खोल. दोन वर्षं मी त्याच्यापाशी पोचले की ब्रेक दाबायचे, उतरायचे, सायकल पलीकडे ठेवायचे आणि पुन्हा चढायचे. मागून येणारी कॉलेजची पोरं न थांबता सायकल उचलून पार व्हायची. एकाने थांबून शिकवलंसुद्धा, "ताई, हँडल जोरात खेचा ना!" मी खेचलं. पुढचं चाक चार बोटं उचललं, पलीकडच्या काठावर आपटलं आणि मी हँडलवरून पुढे.

तो मुलगा चुकीचं सांगत होता, पण खोटं नव्हता सांगत. त्याच्या दंडात जोर होता, म्हणून चुकीच्या पद्धतीनेही त्याचं भागत होतं. आपलं भागत नाही. माझं वजन ५४ किलो आणि सायकल साडेचौदा किलोची, म्हणजे माझ्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. ७८ किलोच्या पुरुषाला तीच सायकल पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरते. शिवाय बायका आणि पुरुष यांच्या ताकदीतला फरक पायांपेक्षा हातांत आणि खांद्यांत जास्त असतो. तेव्हा हातांनी उचलायच्या भानगडीत पडूच नये. वजन कुठे टाकायचं आणि कधी उठायचं एवढं अंगात भिनलं की सायकल वर येते. हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं आणि नंतर आमच्या रविवारच्या गटातल्या सात-आठ जणींना शिकवताना पक्कं झालं.

बनी हॉप म्हणजे चालत्या सायकलची दोन्ही चाकं, रॅम्प किंवा उंचवटा नसताना, जमिनीवरून उचलणं. आधी पुढचं चाक, मग मागचं. छोट्या चाकांच्या बीएमएक्स सायकलींवर कसरती करणाऱ्यांकडून ही युक्ती माउंटन बाइकवर, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलवर आली. दोन्ही चाकं एकदम उचलायची दुसरी पद्धतही आहे. बूट पेडलला अडकवणारे ती सर्रास वापरतात. ती सोपी वाटते, पण तिच्यात सायकल पायांनी ओढून घेतली जाते आणि उंची फारशी मिळत नाही. आधी ती शिकलात तर खरी पद्धत शिकताना आधीची सवय मोडण्यातच वेळ जाईल.

सायकल आणि कपडे

महागडी सायकल लागत नाही. पुढे शॉकअप, मागे काही नाही, अशी साधी हार्डटेल शिकायला उलट बरी. शॉकअपला लॉक असेल तर सुरुवातीला लावून ठेवा, नाहीतर तुमचा निम्मा दाब तोच गिळतो.

सीट खाली घ्या. चांगली आठ-दहा सेंटिमीटर, जमली तर आणखी. बटणावर खालीवर होणारा सीटचा पाइप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आधी पाइपला नेहमीच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करा आणि मग खाली सोडा. उंच सीट ठेवून शिकणाऱ्या बाईला कंबर मागे न्यायला जागाच मिळत नाही. वर सीट पोटाखाली बसते ती वेगळी.

पेडल सपाट हवीत, वर बारीक खिळे असलेली. बूट सपाट रबरी तळव्याचे. बूट अडकवायची पेडल या कामाला नकोत, कारण पाय अडकवलेला असला की चुकीची पद्धतही जमल्यासारखी वाटते आणि पडताना पाय सुटत नाही. सपाट पेडलचा एक तोटा मात्र आहे: पाय सुटला की ते खिळे नडगी सोलून काढतात. माझ्या उजव्या नडगीवर चार ठिपक्यांची रांग अजून आहे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे शिनगार्ड मिळतात, तेच घाला. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि पूर्ण बोटांचे हातमोजेही हवेतच.

ट्यूबच्या टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवा. मी या सरावाला ३५ पीएसआयच्या आसपास ठेवते. हवा कमी असेल आणि चाक काठावर आपटलं तर रिम आणि अडथळा यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. निघण्याआधी चाकांचे आस, हँडलचे बोल्ट आणि सीटची कळ घट्ट आहेत का बघा. पुढचं चाक वीतभर उचलून सोडून द्या. खडखडाट आला तर आधी सायकलवाल्याकडे जा.

आता दुकानात कुणी आपणहून सांगत नाही ते. ब्रेकचे लिव्हर बहुतेक सायकलींवर मोठ्या पंज्याच्या हिशेबाने लावून येतात. लिव्हरजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर ग्रिपच्या जवळ आणता येतो. तर्जनीच्या पहिल्या पेराने लिव्हर आरामात पकडता आला पाहिजे आणि बाकीची बोटं ग्रिपवर राहिली पाहिजेत. हँडल फार रुंद असेल तर हात आधीच ताणलेले राहतात, मागे झुकायला उरतच नाहीत. दोन्ही टोकांकडून थोडंथोडं कापून घेता येतं. पण एकदम नको, एकेक सेंटिमीटर कापून चालवून बघा.

स्पोर्ट्स ब्रा पळताना वापरतात तशी, घट्ट आधाराची घ्या. काचेच्या बांगड्या घरी ठेवा. मंगळसूत्र काढणार नसाल तर टी-शर्टच्या आत, ब्राच्या पट्टीखाली खोचा. आमच्यातल्या एकीचं हँडलच्या बोल्टात अडकलं होतं. मणी वेचायला अर्धा तास गेला आणि सराव राहिला. केसांची वेणी खाली मानेशी घाला, अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपण एकमेकींनाही दबक्या आवाजात सांगतो. बाळंतपणानंतर, कधी कधी नुसत्या वयानेही, उडी मारून उतरताना लघवीचा थेंब गळतो. हे पुष्कळ जणींना होतं आणि त्यावर उपाय असतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांना भेटा. सिझेरियन झालेलं असेल तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत हा सराव नको.

जागा

सपाट, कापलेलं गवत किंवा दाबलेला मुरूम. डांबर नको. शाळेचं मैदान सकाळी साडेसहाला रिकामं मिळतं. एक मैत्रीण बरोबर असावी. धीर द्यायला नाही, बाजूला उभं राहून मोबाइलवर स्लो मोशन घ्यायला. आपण काय करतोय असं आपल्याला वाटतं आणि खरं काय होतंय, यात केवढं अंतर असतं ते पहिल्याच व्हिडिओत दिसेल. फिरायला आलेले एखादे काका थांबून "या वयात?" म्हणतील. त्यांना मोबाइल धरायला द्या. आमच्याकडे एक असेच कायमचे कॅमेरामन झाले.

पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. रविवारी सलग दोन तास घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण अंग थकलं की ते लगेच हातांनी खेचायला लागतं.

पहिली पायरी: मागे उतरणं

पहिल्या दिवशी फक्त हेच. बहुतेक जणींना भीती पुढे पडायची असते असं वाटतं, पण हॉप शिकताना खरी भीती मागे उलथण्याची असते. ती गेल्याशिवाय कंबर मागे जायला तयार होत नाही. मागचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते आधी बघा, सगळ्या सायकलींना सारखा नसतो. मग अगदी हळू चालवत पुढचं चाक थोडं उचला आणि तोल मागे जातोय असं वाटलं की मागचा ब्रेक दाबा. पुढचं चाक खट्कन खाली येईल. दहादा करा. मग मुद्दाम तोल जाऊ द्या आणि दोन्ही पायांनी सायकलमागे जमिनीवर उतरा, हँडल हातात ठेवून. हेही दहादा. मागचा ब्रेक आपला आहे, हे हाताला कळलं की पुढचं सगळं निम्म्या वेळात होतं.

दुसरी पायरी: उभं राहणं आणि दाबणं

पेडल जमिनीला समांतर, सोयीचा पाय पुढे. सीटवर न बसता उभ्या राहा. गुडघे सैल, कोपरं बाहेर वळलेली, नजर पाच-सहा मीटर पुढे. वेग पळत्या माणसाइतका, ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. त्याहून हळू गेलात तर सायकल डुलते.

आता गुडघे आणि कोपरं वाकवून सगळं वजन सायकलीत दाबा आणि सोडा. टायर दबून परत उसळलेलं तळव्यांना जाणवलं पाहिजे. नागपंचमीचा झोका उभ्याने चढवलाय ना? झोका खाली येताना गुडघे वाकवायचे आणि तळाशी आला की ताठ उठायचं. दोर कितीही खेचा, उठायची वेळ चुकली की झोका चढत नाही. इथेही तसंच. दाबायचं आणि टायर उसळतो त्याच क्षणी उठायचं. दोन-तीन दिवस एवढंच करा. कंटाळवाणं आहे, मान्य.

तिसरी पायरी: पुढचं चाक, म्हणजे फुगडी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी पाच आठवडे दिले.

फुगडी घालताना आपण काय करतो? पावलं पावलांशी, हात ताठ, आणि सगळं अंग मागे सोडून द्यायचं. समोरचीला कुणी खेचत नाही. जी कोपरात हात वाकवते तिची फुगडी रंगत नाही, दोघी धडपडतात. सायकलीशी नेमकी तशी फुगडी घालायची आहे.

आधी छाती हँडलकडे नेत खाली दाबा. मग टाचा खाली ढकला आणि कंबर सरळ मागे, मागच्या चाकाच्या आसाच्या दिशेने न्या. वर नाही. खाली आणि मागे. बाजूने पाहणाऱ्याला कंबर इंग्रजी एल अक्षरासारखी फिरलेली दिसली पाहिजे, आधी सरळ खाली, मग आडवी मागे. हात आपोआप ताठ होतील आणि ते ताठ झाले की तुमचं वजनच पुढचं चाक वर घेईल.

चूक ओळखायची खूण सोपी आहे. व्हिडिओत चाक वर जाताना कोपरं वाकलेली दिसली तर तुम्ही खेचताय. चाक चार-सहा बोटं उठून धपकन खाली येत असेल तरी खेचताय. दुसऱ्या दिवशी दंड दुखले, तर विचारायलाच नको. मांड्या आणि पोट दुखायला हवं.

आमच्या गटातल्या एका शिक्षिकेचं पुढचं चाक तीन आठवडे उठेना. शेवटी सायकल बाजूला टाकून मी तिच्याशी मैदानातच फुगडी घातली, दोघी हेल्मेटसकट. दहा गिरक्या झाल्यावर म्हटलं, आता हात असेच ठेव आणि सायकलवर बस. दुसऱ्याच खेपेला पुढचं चाक फूटभर वर गेलं आणि ती मागे उतरली, दोन्ही पायांवर, शिकवल्यासारखी. फुगडी येत नसेल तर दाराच्या कडीला टॉवेल अडकवून मागे झुका, काम तेच.

जमिनीवर खडूची किंवा चुन्याची रेघ मारा. पुढचं चाक रेघेला न लागता पलीकडे पडायला हवं. दहापैकी आठदा जमलं की पुढे जा.

चौथी पायरी: मागचं चाक

हे वेगळं शिकायचं, पुढच्याशी जोडायची घाई नको. पावसाळ्यात चपलेचा तळ चिखलाने भरला की आपण उंबऱ्याबाहेरच्या दगडावर पाय मागे घासतो. पंजा खाली, टाच वर, दाब मागच्या दिशेने. पेडलवर तेच करायचं. थोडं दाबून उठा, वजन किंचित पुढे घ्या आणि दोन्ही पंजे खाली वळवून पेडल मागे आणि वर खरवडत न्या. मागचं चाक उठेल. इथे पाय नुसता वर उचललात तर तो पेडलवरून सुटेल आणि शिनगार्डची किंमत वसूल होईल. आठवडाभरात हे जमतं.

पाचवी पायरी: उठणं

हीच पायरी बहुतेक जणी गाळतात आणि मग "माझं पुढचं उठतं, मागचं उठतं, पण दोन्ही मिळून उठत नाही" असं म्हणतात. पुढचं चाक वर गेल्यावर मागेच लोंबकळत राहिलात तर तुमचं सगळं वजन मागच्या चाकावर असतं. मग ते उठणार कसं?

फुगडीच्या त्या झुकलेल्या अवस्थेतून पाय सरळ करत ताठ उभ्या राहा, ओटीपोट हँडलला भेटायला गेल्यासारखं. एक क्षण तुम्ही पुढचं चाक हवेत आणि हँडल मांड्यांजवळ घेऊन सरळ उभ्या असता. झोक्यातली वेळ ती हीच. अंग वर निघालेलं असतानाच हँडल पुढे ढकला आणि पायांनी पेडल खरवडा. पुढचं टोक खाली झुकतं, मागचं वर येतं आणि सायकल हवेत आडवी होते. गुडघे पोटाकडे घ्या, म्हणजे तिला वर यायला जागा मिळेल.

आधी जागच्या जागी करून बघा. सायकल मैत्रिणीने धरलेली, तुम्ही शेजारी जमिनीवर उभ्या, हातात फक्त हँडल. पुढचं चाक उठवा, ताठ व्हा, ढकला. पंचवीस वेळा. लोक बघतात, बघू देत.

जोडणी

खाली, मागे, वर, पुढे. चार मात्रा, तोंडाने मोठ्याने म्हणायच्या. "मागे" थोडी लांबवायची, "वर" आणि "पुढे" एकमेकींना चिकटलेल्या. मनातल्या मनात म्हटलं तर घाईत एक मात्रा गळते, आणि गळते ती नेहमी "वर".

पहिले काही दिवस कुठलाच अडथळा नको, रेघसुद्धा नको. मागचं चाक दोन बोटं उठलं तरी तो बनी हॉप झाला. मग रेघ, मग जमिनीवर पसरलेली दोरी, मग पुठ्ठ्याचा रिकामा खोका: आधी आडवा, पाच-सात सेंटिमीटरचा, मग उभा. खोका चाकाखाली आला तर चेपतो, पाडत नाही. वीट किंवा ओंडका कधीही ठेवू नका. घट्ट वस्तू समोर दिसली की मन आपोआप ब्रेक दाबतं आणि मध्येच ब्रेक लागण्यासारखं वाईट काही नाही.

या वेगाला अडथळ्याच्या साधारण एक सायकल-लांबी अलीकडे "खाली" म्हणायचं. उशीर होतोय असं वाटतं, पण बहुतेक जणी उलट लवकर उठतात आणि मागचं चाक खोक्यावर उतरवतात. नजर खोक्यावर ठेवलीत तर चाकही खोक्यावरच जाईल, म्हणून पलीकडे बघा.

उतरताना दोन्ही चाकं एकदम किंवा मागचं किंचित आधी. गुडघे-कोपरं सैल, हँडल सरळ, ब्रेक नाही. बाकी उतरणं आपलं आपण जमतं.

किती दिवस लागतात

मला पंधरा सेंटिमीटरच्या खोक्यापर्यंत तीन महिने लागले. आमच्यात एक कबड्डी खेळलेली होती, तिला पाच आठवडे. मध्ये एक काळ असा येतो की काल जमलेलं आज जमत नाही. तेव्हा दोन दिवस फक्त तिसरी पायरी करा, बिघाड नव्वद टक्के तिथेच असतो. आणि मोबाइलवर दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून खचू नका. अमेरिकेत यूटाच्या कड्यांवर होणारी रॅम्पेज ही माउंटन बाइकची स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली, तिथे बायकांचा गट यायला २०२४ उजाडलं. न्यूझीलंडची रॉबिन गूम्स ती पहिली स्पर्धा जिंकली. तेवीस वर्षं ज्यांना दारच उघडं नव्हतं, त्यांच्या मानाने आपले तीन महिने काय!

टेकडीवर जाल तेव्हा पहिले हॉप दोऱ्यासारख्या बारीक मुळांवर आणि पाण्याने पडलेल्या उथळ ओघळींवर करा, काटकोनात समोरून जाऊन. ओल्या मुळावर तिरकं उतरलं की चाक सटकतं. आधी पायी जाऊन पलीकडची बाजू बघून या. चालणारी माणसं दिसली तर थांबा, पायवाट त्यांची आधी. रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरवर सराव नको. मागच्या रिक्षावाल्याला तुमच्या चार मात्रा माहीत नसतात.

आणि घरी निघताना सीट चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत वर घ्यायला विसरू नका. ज्या दिवशी तो चर पहिल्यांदा पार केला, त्या दिवशी मी आनंदात तशीच निघाले आणि कोथरूडपर्यंत गुडघे कानाला लावत आले.